रेषेच्या अलीकडे : ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि वारशाची कागदपत्रे

मुलुंड आणि ठाणे या दोन स्थानकांच्या मधून वारसा कायद्याची एक रेषा जात असे. मुंबईच्या बाजूला एखाद्या हिंदू माणसाने मृत्युपत्र केले, तर त्याच्या माघारी त्या कागदाच्या आधारे न्यायालयात हक्क सिद्ध करायला आधी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे ठरवणारा न्यायालयाचा दाखला, घ्यावे लागे. ठाण्याच्या बाजूला तेच मृत्युपत्र, त्याच शब्दांत, तशाच दोन साक्षीदारांसमोर केले आणि मिळकतही ठाणे जिल्ह्यातलीच असली, तर अशी सक्ती नव्हती. डोंबिवलीत राहणारा आणि फोर्टात नोकरी करणारा माणूस दुपारच्या सुट्टीत ओळखीच्या वकिलाच्या कचेरीत जाऊन सही करून आला, की त्याचे मृत्युपत्र मुंबईत झाले आणि प्रोबेटच्या कक्षेत आले. रविवारी डोंबिवलीत शेजाऱ्यांना बोलावून तीच सही केली असती, तर ते त्या कक्षेबाहेर राहिले असते. मात्र त्यात गिरगावातल्या मालकीच्या एखाद्या घराचा उल्लेख असला, तर डोंबिवलीत केलेल्या मृत्युपत्रालाही त्या घरापुरते प्रोबेट लागे.

ही रेषा आली कुठून? ‘हिंदू विल्स ॲक्ट’ १ सप्टेंबर १८७० पासून लागू झाला, तो सगळ्या देशाला नव्हे. बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या अमलाखालचा प्रदेश, आणि मुंबई व मद्रास उच्च न्यायालयांचे मूळ दिवाणी अधिकारक्षेत्र, एवढ्यापुरताच तो होता. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाने हीच विभागणी कलम ५७ मध्ये उचलली आणि कलम २१३ ने तिला प्रोबेटची सक्ती जोडली. मुंबईपुरती ही हद्द आधी बेटाची होती. १९४५ च्या कायद्यानंतर ती बृहन्मुंबईबरोबर पसरत मुलुंडपर्यंत आली आणि तिथेच थांबली. ठाणे पलीकडेच राहिले. ठाण्याच्या वाट्याला ही मोकळीक कोणी विचारपूर्वक दिली नव्हती, उच्च न्यायालयाच्या हद्दीमुळे ती आपोआप मिळाली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व सुधारणा कायदा करून कलम २१३ वगळले. ठाण्याला जे पूर्वीपासून होते, ते आता मुंबईलाही मिळाले. या विषयात नव्याने पाऊल ठेवणाऱ्या वाचकाचे स्वागत करायला याहून योग्य वेळ नाही, कारण ज्या एका शब्दाभोवती आजवर सगळी भीती गोळा झाली होती, तो शब्द आता बाजूला ठेवून मूळ प्रश्नाकडे पाहता येते.

ही भीती बरीचशी उसनी आहे, असे माझे मत आहे. काही मुंबईकडून आली, काही त्याहून दुरून. ठाणे-डोंबिवलीतल्या कितीतरी घरांतली मुले न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात असतात. तिथून आईवडिलांना सल्ला येतो, की सगळे ट्रस्टमध्ये घाला म्हणजे प्रोबेट टळेल. तिकडे या सल्ल्याला अर्थ आहे. नॉर्मन डेसी यांचे प्रोबेट कसे टाळावे हे सांगणारे पुस्तक १९६५ साली अमेरिकेत निघाले, प्रचंड खपले आणि वकिलांच्या संघटनेशी त्यांचा वाद झाला. हयातीतच ट्रस्ट करून मिळकत त्याच्या नावे करण्याची पद्धत मध्यमवर्गापर्यंत पोचली, त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा होता. पण तिथली न्यायालये वेगळी, खर्च वेगळा आणि मिळकत हस्तांतरित करताना लागणारा करही वेगळा. महाराष्ट्रात स्थावर मिळकत हयातीत ट्रस्टच्या नावे करायची, तर दस्त नोंदवावा लागतो आणि त्यावर मुद्रांक शुल्क लागते. उलट मृत्युपत्रावर मुद्रांक लागतच नाही. शिवाय वारसाहक्काने आलेल्या संपत्तीवर आपल्याकडे १९८५ पासून इस्टेट ड्युटी नाही. ज्या कारणांनी अमेरिकेतला माणूस ट्रस्टकडे वळतो, ती कल्याणच्या दोन खोल्यांच्या घराला लागू पडत नाहीत.

मग इथल्या कुटुंबाने टाळायचे ते काय? या विषयाचा सगळा भर मला पुराव्यावर दिसतो. सक्ती नसल्यामुळे इथले मृत्युपत्र तपासणीविना वर्षानुवर्षे कपाटात राहते, आणि ज्या दिवशी कोणी हरकत घेतो, त्या दिवशी ते प्रथमच न्यायालयासमोर उभे राहते. तोवर एक साक्षीदार वारलेला असतो, दुसऱ्याचा पत्ता बदललेला असतो, आणि प्रकृती ठणठणीत असल्याचे सांगू शकणारे डॉक्टर निवृत्त झालेले असतात. मुंबईतल्या कुटुंबाला प्रोबेटचा त्रास व्हायचा, पण त्या त्रासातून एक गोष्ट हाती पडायची. प्रोबेटचा निकाल फक्त पक्षकारांपुरता नसतो, तो सगळ्या जगाला बांधतो. ठाण्यात ही खात्री आपण होऊन निर्माण करावी लागते. म्हणूनच जिथे भांडण अटळ दिसते, तिथे सक्ती नसतानाही जिल्हा न्यायाधीशांकडे प्रोबेटचा अर्ज करावा, असे सांगायला मी कचरत नाही. प्रोबेटच्या न्यायालयीन शुल्काची कमाल मर्यादा महाराष्ट्रात ७५ हजार रुपये आहे. आजच्या घरांच्या किमती पाहता कुटुंबात वीस वर्षे धुमसणाऱ्या वादापेक्षा ही रक्कम फार नाही.

थोडे मागे जाऊ. धर्मशास्त्रात मृत्युपत्र नव्हते. मिळकत जन्माने मिळे, वाटणीने विभागली जाई, दानाने जाई. मेल्यानंतर अंमलात येणारी एका माणसाची इच्छा ही कल्पना त्या ग्रंथांना परकी होती. ठाणे हा उत्तर कोकणाचा भाग. मिताक्षरा आणि व्यवहारमयूख यांच्यात मतभेद असेल, तिथे गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण यांत मयूखाचे मत धरावे, असे इंग्रजी अमदानीत न्यायालयांनी ठरवले. मयूखाचा कर्ता नीळकंठ भट्ट सतराव्या शतकातला. त्याचे घराणे मूळचे पैठणचे, काशीला जाऊन स्थिरावलेले. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० मध्ये या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला, तो वकिलांच्या हातात राहिला. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी १९२६ मध्ये त्याची संपादित आवृत्ती काढली. या नीळकंठाने वारसांच्या क्रमात बहिणीला दिलेले स्थान इतर प्रांतांच्या मानाने बरेच वरचे होते. मुंबई इलाख्यातल्या बहिणींना त्याचा प्रत्यक्ष लाभ झाला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने हे प्रांताप्रांताचे भेद मिटवले, पण ठाण्यातल्या वारसा कायद्याचा अभ्यास करणाऱ्याने मयूख चाळल्याशिवाय राहू नये. आपल्या आज्यांच्या पिढीचे कितीतरी वाद त्याच्या आधारे सुटले आहेत.

त्याच जुन्या काळातली आणखी एक गोष्ट इथे अजून चालू आहे. एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, १८२७ मध्ये, मुंबई सरकारने जी रेग्युलेशने काढली, त्यांतले आठवे वारस, निष्पादक आणि व्यवस्थापक यांना औपचारिक मान्यता देण्याविषयीचे आहे. मृत्युपत्र नसेल, तर कल्याणच्या दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घेणारे कुटुंब आजही या रेग्युलेशनचाच आधार घेते. १९२५ च्या कायद्यातले उत्तराधिकार प्रमाणपत्र वेगळे. ते बँकेतली रक्कम, शेअर, येणे बाकी अशा गोष्टींपुरते असते, घराला चालत नाही. या दोहोंत गल्लत करून चुकीचा अर्ज केलेली कुटुंबे न्यायालयाच्या आवारात नेहमी भेटतात.

आता मृत्युपत्राच्या घडणीकडे. कायद्याची मागणी थोडी आहे. करणारा सज्ञान आणि शुद्धीत असावा, त्याने सही किंवा अंगठा करावा, आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहून किंवा सही आपली असल्याचे त्याच्या तोंडून ऐकून त्याच्यासमोर स्वतःच्या सह्या कराव्यात. स्टॅम्पपेपर लागत नाही, मराठी चालते, हाताने लिहिलेले चालते. नोटरीचा शिक्का साक्षीदारांच्या सह्यांची जागा घेत नाही. स्टॅम्पपेपरवर छापून नोटरी केले म्हणजे काम झाले, ही समजूत आपल्या भागात इतकी पक्की आहे, की तिच्यापायी साक्षीदारच न घेतलेली मृत्युपत्रे न्यायालयात येतात आणि पडतात.

कायद्याची मागणी थोडी असली, तरी न्यायालयाची अपेक्षा मोठी आहे. ती कोणती, हे १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगितले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे साताऱ्याचे. मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचे, आणि संशयास्पद परिस्थिती असेल तर न्यायालयाच्या मनाचे समाधान होईपर्यंत तिचे निरसनही त्यानेच करायचे. ज्याला मृत्युपत्राने मोठा लाभ होतो, त्यानेच ते तयार करण्यात पुढाकार घेतला असेल, तर ही संशयाची जागा मानली जाते. हे वाक्य ठाण्यातल्या प्रत्येक घराने लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडे सहसा आईवडिलांजवळ राहणारा मुलगाच वकील शोधतो, मसुदा आणतो, साक्षीला स्वतःचे मित्र बोलावतो आणि कागद स्वतःच्या कपाटात ठेवतो. त्याचा हेतू निर्मळ असतो. पण परदेशातला भाऊ किंवा पुण्यातली बहीण उद्या हरकत घेईल, तेव्हा याच सेवेचे तुकडे जोडून संशय उभा केला जाईल. मसुदा आईवडिलांनी स्वतः सांगितलेला असावा, साक्षीदार लाभार्थी नसलेले आणि वयाने तरुण असावेत, सही करताना लाभ होणारा माणूस खोलीत नसावा. एखाद्याला वगळले असेल किंवा कमी दिले असेल, तर त्याचे कारण मृत्युपत्रातच शांतपणे लिहावे. भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे साक्षीदारांपैकी एक तरी हयात आणि हजर असेल, तर त्याला न्यायालयात बोलवावे लागते. सत्तरीतल्या करणाऱ्याने सत्तरीतलेच दोन मित्र साक्षीला घेतले, की पुढच्या पिढीला साक्षीदार शिल्लक राहात नाही.

नोंदणी ऐच्छिक आहे, पण करावी. दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो, त्याने सहीच्या दिवसाचा आणि माणसाच्या उपस्थितीचा स्वतंत्र पुरावा तयार होतो. नोंदणी म्हणजे खरेपणाचा दाखला नव्हे, एवढे भान ठेवले की पुरे. ज्यांना मजकूर हयातीत कोणाला कळू द्यायचा नाही, त्यांच्यासाठी नोंदणी कायद्याच्या कलम ४२ मध्ये मृत्युपत्र सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोय आहे. ही सोय फार थोड्यांना माहीत असते.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या बहुतेक कुटुंबांची मुख्य मिळकत म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्थेतला फ्लॅट. तिथे मृत्युपत्राआधी नॉमिनी उभा राहतो. नॉमिनी म्हणजे मालक, हा गैरसमज इथे किती खोल रुजला आहे, ते सोसायटीच्या कोणत्याही सचिवाला विचारावे. विमा पॉलिसीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच सरबती देवी खटल्यात सांगितले, की नॉमिनी पैसे स्वीकारतो ते वारसांसाठी. शेअरच्या बाबतीत हाच प्रश्न ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या २०११ च्या मृत्युपत्रानंतर उभा राहिला आणि शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ च्या निकालाने स्पष्ट झाले, की कंपनी कायद्यातले नामनिर्देशन वारसाहक्काला बाजूला सारत नाही. ज्या दिनदर्शिकेची पाने महाराष्ट्राच्या घराघरांत उलटली जातात, तिच्या संस्थापकाच्या संपत्तीच्या निमित्ताने देशभराचा कायदा निश्चित झाला, ही गोष्ट मराठी वाचकाने जाणून घ्यावी.

गृहनिर्माण संस्थांसाठी महाराष्ट्राने २०१९ मध्ये सहकारी संस्था अधिनियमात स्वतंत्र प्रकरण घातले. त्यातल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे सभासद वारल्यावर संस्थेने मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांच्या आधारे हस्तांतरण करायचे असते. वारस ठरेपर्यंत नॉमिनीला फक्त तात्पुरते सभासदत्व मिळते. या कलमात प्रोबेटचा शब्दही नाही. तरीही ठाण्यातल्या कितीतरी संस्था विधवेकडे किंवा मुलांकडे प्रोबेट मागत आल्या, कारण मुंबईतल्या संस्था मागत, हे त्यांनी ऐकलेले असते. काही बँकाही तसेच करतात. अशा वेळी त्या कलमाची प्रत जोडून लेखी अर्ज करावा आणि लेखी उत्तर मागावे. तोंडी नकार ऐकून परतणाऱ्या माणसाच्या हाती पुढे दाद मागायला काहीच उरत नाही.

फ्लॅटविषयी आणखी एक गोष्ट मृत्युपत्राच्या पुस्तकांत क्वचित सापडते. आपल्याजवळ जेवढा हक्क आहे, तेवढाच पुढे देता येतो. मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट मालकी कायदा, १९६३ चा, पण जमिनीचे हस्तांतरण अजून संस्थेच्या नावे न झालेल्या इमारती ठाणे-डोंबिवलीत पुष्कळ आहेत, आणि मानीव अभिहस्तांतरणाचे अर्ज करावे लागतात. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींवर कारवाई करून त्या पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. त्या इमारतींतल्या माणसाने कितीही नेटके मृत्युपत्र केले, तरी वारसाला मिळणार तो एक दावा. वारशाच्या नियोजनाची सुरुवात म्हणून मूळ करारनामा, सूची क्रमांक २, भागपत्र, बांधकाम परवानगी आणि भोगवटा दाखला एका फाइलीत आणून वाचावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. मृत्युपत्राचा मसुदा त्यानंतर.

जुन्या चाळींची कथा निराळी. ठाण्यात नौपाड्याच्या आसपास, डोंबिवलीत स्टेशनजवळ, कल्याणच्या जुन्या वस्तीत पागडीच्या खोल्या अजून आहेत. दोन पिढ्या राहिलेल्या माणसाला ती खोली आपलीच वाटते, आणि मृत्युपत्रात तो ती धाकट्या मुलीला देऊन टाकतो. कायद्याने हे जमत नाही. मुंबई भाडे कायद्याखालचा भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये पंडित विरुद्ध सबनीस खटल्यात दिला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानेही तोच मार्ग धरला. भाडेकरू वारला तेव्हा त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. तसा कोणी नसेल तर वारसाकडे, आणि एकमत झाले नाही तर न्यायालय ठरवते. म्हणजे या खोल्यांच्या बाबतीत रेशनकार्ड, मतदार यादी, गॅसचे बिल यांचे वजन मृत्युपत्रापेक्षा अधिक. चाळीचा पुनर्विकास झाला आणि मालकी हक्काने फ्लॅट मिळाला, की चित्र उलटते आणि मृत्युपत्राची गरज उभी राहते. करार झाला आहे पण ताबा मिळालेला नाही, अशा मधल्या काळात भाडेकरू वारला तर काय, हा आपल्या भागातला आजचा सर्वांत जिवंत प्रश्न आहे. तरुण अभ्यासकांनी तो हाती घ्यावा असे मला मनापासून वाटते.

शहराच्या कडेला आगरी-कोळी समाजाची जुनी गावे. तिथे वारशाचा कागद म्हणजे सातबारा आणि फेरफार. माणूस गेला की तलाठ्याकडे वारसनोंद होते, आणि त्याच सुमारास बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावले जाते. नाममात्र मुद्रांकावर होणारा हा दस्त इथल्या जमिनीच्या इतिहासात सर्वांत परिणामकारक ठरला असावा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, देशाच्या ११ वर्षे आधी, मुलीला सहदायिकीत, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत, जन्मसिद्ध हक्क दिला. ती दुरुस्ती आधी लग्न झालेल्या मुलींना वगळत होती. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या विनीता शर्मा निकालाने ते अंतर भरून निघाले. तरी फेरफारात बहिणीचे नाव येते आणि हक्कसोडाने जाते. बहीण खुशीने सोडत असेल तर तिचा तो अधिकार आहे. पण सही करण्याआधी तिने सातबारा आणि त्या जमिनीचा चालू बाजारभाव पाहिलेला असावा, एवढी किमान अपेक्षा कायद्याच्या प्रत्येक अभ्यासकाने धरावी. वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३० प्रमाणे मृत्युपत्राने देता येतो. वडिलांना मात्र सगळ्या जमिनीचे मृत्युपत्र करता येत नाही, हे गावोगाव सांगावे लागते. मुरबाड-शहापूरच्या अनुसूचित जमातींना तर १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागूच नाही. मुंब्रा-कौसा आणि भिवंडीतल्या मुसलमान कुटुंबांवर प्रोबेटची सक्ती कधी नव्हती. तिथे वारसांच्या संमतीवाचून एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र चालत नाही, हाच कळीचा नियम. ठाण्यातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांना प्रोबेटमधून सूट २००२ मध्ये मिळाली.

मृत्यूची वाट न पाहता हयातीतच देऊन टाकावे, असे अनेकांना वाटते. २०१५ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये ठेवण्यात आले. स्थानिक अधिभार मात्र वेगळा पाहावा लागतो. भाऊ-बहीण या यादीत नाहीत. या स्वस्ताईने बक्षीसपत्रांची लाट आली आणि तिच्यामागोमाग वृद्धांच्या तक्रारी. मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येते, नोंदवलेले बक्षीसपत्र मनात आले म्हणून मागे घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातले कलम २३ सांगते, की सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते. ही अट दस्तात असायलाच हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सुदेश छिकारा खटल्यात म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित खटल्यात त्याच न्यायालयाने कायद्याचा हेतू ध्यानात घेऊन अधिक उदार अर्थ लावला. उदार निकालाच्या भरवशावर कोणी राहू नये. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर सांभाळाची अट आणि हयातभर त्याच घरात राहण्याचा हक्क दोन्ही स्पष्ट लिहावेत. राहते एकुलते एक घर कोणी बक्षीस देऊ नये, असे माझे स्वतःचे ठाम मत आहे.

ट्रस्टला आपल्याकडे एक खरी जागा आहे, आणि ती प्रोबेट टाळण्याची नाही. ज्या घरात स्वमग्न किंवा बौद्धिक अपंगत्व असलेले मूल आहे, त्या आईवडिलांची चिंता वेगळी असते. आपल्या माघारी पैसा कोणाच्या हाती राहील, महिन्याला कोण खर्च करील, भावंडांनी हात आखडला तर काय? भारतीय विश्वस्त अधिनियम, १८८२ खालचा खाजगी ट्रस्ट याला उत्तर देतो. तो मृत्युपत्रातूनच निर्माण केला, तर हयातीत मुद्रांक भरावा लागत नाही. विश्वस्त दोन-तीन असावेत, त्यांतला एक कुटुंबाबाहेरचा. पालकत्वासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. पण मुलाचा पालक आणि मिळकतीचा विश्वस्त एकच माणूस असणे टाळावे. या विषयात आईवडिलांचे गट एकमेकांना मसुदे देतात, अनुभव सांगतात, आणि त्यांतून वकिलांनाही शिकायला मिळते.

शेवटी स्त्रियांच्या मृत्युपत्रांविषयी, कारण इथे मृत्युपत्र नसण्याची किंमत सर्वाधिक आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे कलम १५ असे, की विधवा स्त्री मृत्युपत्राविना वारली आणि तिला मूल किंवा नातवंड नसेल, तर तिच्या स्वकष्टाच्या मिळकतीवर आधी पतीच्या वारसांचा हक्क येतो, तिच्या आईवडिलांचा नंतर. डोंबिवलीहून रोज गाडीने मंत्रालयात, बँकेत, शाळेत गेलेल्या, स्वतःच्या पगारावर कर्ज फेडून फ्लॅट घेतलेल्या बाईचे पती आधी वारले आणि मूल नसले, तर तिचे घर सासरच्या वारसांकडे जाते आणि ज्या आईने तिला वाढवले, तिला काही मिळत नाही. तीच आई तिच्याच घरात राहात असली तरीही. मयूखाच्या काळातल्या उत्तर कोकणात बहिणीला दिलेले स्थान आठवले, की १९५६ चा हा क्रम अधिकच टोचतो. या कलमाला आव्हान देणाऱ्या प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करण्याचे आवाहन केले. तसे मृत्युपत्र केले, की कलम १५ चा प्रश्नच उरत नाही. घर आईला, बहिणीला, भाचीला किंवा मैत्रिणीलाही देता येते. दोन साक्षीदार, एक साधा कागद आणि दुय्यम निबंधक कार्यालयातली एक सकाळ एवढेच त्याला लागते, आणि पतीची किंवा सासरची संमती कुठेही लागत नाही.